दोन भाऊबिजा

२ ऑक्टोबर १९४४. इटली.
पलटण आज विसाव्याला आली. गावाचं नाव तीनदा लिहून काढलं, तरी वाचताना जीभ दुमडते. गडी लोक 'पुलाचं गाव' म्हणतात, तेच बरं. नदी गावाला वळसा घालून जाते. दगडी पूल, पाच कमानी. मधली उडालेली, तिथं फळ्या टाकल्यात. पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या, बाया गुडघे टेकून धुणं धूत होत्या.
मारत्या म्हणाला, "नामा, आपला कृष्णेचा घाट कुनी उचलून आनला रं हितं?"
बोललो असतो तर डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि मारत्यानं ते कंपनीभर केलं असतं. बूट काढून पाय पाण्यात सोडले. अर्धा तास बसलो. पाणी लय गार.

५ ऑक्टोबर
इथल्या देवळाचा पाद्री गाव दाखवायला घेऊन गेला. मला पलटणीच्या शाळेतलं मोडकं इंग्रजी, त्याला त्याहून मोडकं. दोन मोडक्यांचं बरं जमलं. म्हातारा आहे, चालताना धापा टाकतो, पण एक दगड सोडत नाही. बुरूज. आड. बाजारपेठेतल्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात, प्रत्येक खुणेखाली साल. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्या वर दोन हात. आमच्या गावात पूर मोजतात तो देवळाच्या पायऱ्यांवर. कितवी पायरी बुडाली ते सांगायला म्हातारी माणसं लागतात, इथं भिंतच सांगते.
पूल म्हणे सातशे वर्षांचा. त्यानं विचारलं, तुमच्याकडे काय आहे? मी अजिंक्यतारा सांगितला. किती जुना? म्हटलं, असाच, सातशेचा. हार कशाला खा?

८ ऑक्टोबर
मारत्यानं कपडे धुवायला एक घर हुडकलंय. पायऱ्यांच्या वरचंच. म्हातारी आई आणि तिची लेक लुचिया. लेकीचा नवरा आफ्रिकेत मेला, त्यांच्याच लष्करात होता. म्हणजे दोन वर्षांपूर्वी आमच्यावर गोळ्या झाडत असेल. ती काही मनात धरत नाही, आम्ही पण नाही.
त्यांच्या घरी मक्याचं पीठ! घाट्यासारखं शिजवून फळीवर ओततात. मारत्यानं म्हातारीला बाजूला केलं, पीठ मळलं, हातावर भाकरी थापली आणि तव्यावर टाकली. मोडली. दुसरी पण मोडली. तिसरी जमली. मीठ-तेल लावून चौघांनी खाल्ली. म्हातारीनं मारत्याच्या गालावर थाप मारली. किती दिवसांनी चुलीपुढं बसलो.

१२ ऑक्टोबर
आज पत्रांचा दिवस. कंपनीची लिखापढी माझ्याकडे, त्यामुळे निम्म्या कंपनीची पत्रं मीच लिहितो. मारत्याची तर सगळीच, त्याला सहीपुरतं येतं.
गंमत अशी की मारत्याची बायको म्हणजे माझी धाकटी बहीण सखू. आणि माझी तानू ही मारत्याची बहीण. साटंलोटं, एकाच मांडवात. ह्या माणसाला दाजी म्हणावं का मेव्हणा, चार वर्षं झाली तरी ठरत नाही. तर माझ्याच बहिणीला मी तिच्या नवऱ्याच्या नावानं लिहितो. काय लिहू विचारलं तर म्हणतो, "लिव की तुला सुचंल ते. तुजीच भन हाय." मग मीच लिहितो. तुझी लय सय येते. बंडी अंगात असते. थंडी पडायला लागलीय. बंडी तिनंच शिवलीय, आत जुन्या लुगड्याचं अस्तर घालून. सखूला वाटत असेल नवरा काय गोड बोलतोय.

१५ ऑक्टोबर
लुचियाच्या स्वयंपाकघरात त्यांच्या देवीच्या तसबिरीशेजारी आमचा फोटो! मारत्यानं आपला दिलाय. माझ्या खिशात तसाच दुसरा आहे, आम्ही चौघं, भरतीच्या आधी साताऱ्याला काढलेला. फोटोवाल्यानं जोडीजोडीनं उभं केलं होतं. आई मधे पडली. "चारचौघांत नवऱ्याला खेटून उभी ऱ्हानार व्हय गं भवाने? हो भावाजवळ!" म्हणून सखू माझ्याशेजारी आणि तानू मारत्याशेजारी. तानू हसू दाबतेय ते फोटोत दिसतं.
परमुलखात कुणी आपली माणसं देव्हाऱ्याशेजारी ठेवावीत. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर. भाऊबीज (पंचांग नाही, माझ्या हिशोबानं).
सकाळपासून सखू डोळ्यापुढं. दुपारी मनाचा हिय्या करून पाद्रीबाबाला सांगितलं, आमच्यात आजच्या दिवशी बहीण भावाला ओवाळते, माझी लांब आहे, लुचियाला विचारा. तो हसला, पण गेला. ती तयार. जेवायची ताटली, त्यात तेलाचा दिवा, कुंकू नव्हतं म्हणून म्हातारीनं वाटीत लाल दारूचा थेंब आणला. मी टोपी घालून पाट म्हणून एका खोक्यावर बसलो. लुचियानं तीनदा ओवाळलं, चुकीच्या बाजूनं, पण ओवाळलं. मी ओवाळणी म्हणून पॅराशूटच्या रेशमाचा रुमाल घातला. आता तू माझी बहीण, म्हटलं. पाद्रीबाबानं ते तिला सांगितलं. तिचे डोळे भरले.
मग मी देवीजवळचा फोटो काढून सखूवर बोट ठेवलं. ही माझी बहीण. तुझ्यासारखी.
लुचिया बघतच राहिली, शेजारी उभी म्हणून सखूला माझी बायको समजत होती बहुतेक. एकदा सखूकडं, एकदा माझ्याकडं. मग तानूवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. मी छातीवर हात ठेवला, ही माझी. मग ती पुन्हा सखूवर बोट ठेवून मारत्याकडं वळली. मारत्या त्यांच्या भाषेत भरभर काहीतरी बोलला. केवढी शिकलाय! पाद्रीबाबानं मान खाली घातली, लुचियानं माझा हात धरला. मी विचारलं, काय झालं रं? मारत्या म्हणाला, "काय न्हाई. भनीची सय येती म्हनून सांगितलं."
असेल.

२७ ऑक्टोबर
उद्या पुढं. मारत्या दिवसभर पुलापलीकडंच. त्यांच्या घरून निघताना लुचियानं मला लोकरीचे मोजे दिले. भावाला.

२१ डिसेंबर
दोन महिने चिखलात. लिहिण्यासारखं काही नाही, आणि जे आहे ते लिहवत नाही. काल पुन्हा पुलाच्या गावात आलो.
आज लुचिया मला हाताला धरून देवळात घेऊन गेली. एका कोपऱ्यात मेणबत्त्या. त्यातली एक दाखवून छातीवर हात ठेवला. मला कळेना. पाद्रीबाबा आला. म्हणाला, ही दर रविवारी दोन लावते. एक तिच्या नवऱ्यासाठी. दुसरी तुझ्या बिचाऱ्या विधवा बहिणीच्या नवऱ्यासाठी.
मी म्हटलं, माझी बहीण विधवा नाही.
तो म्हणाला, पण मारुतीनंच सांगितलं. त्या दिवशी, फोटो बघताना.
मेणबत्ती अर्धी जळाली होती. लुचिया माझ्याकडं बघून हसत होती, दुःखात साथ द्यावी तशी. एक हात पोटावर, जपून धरल्यासारखा. मी बाहेर आलो. कुठं गेलो आठवत नाही. चहा पण घेतला नाही.

२२ डिसेंबर
मारत्याला पुलावर गाठला. सगळं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या माझं मलाच खोटं वाटायला नको.
"सखू रांडमुंड हाय म्हनून कुनी सांगितलं?"
कठड्याला टेकून उभा. "मग काय सांगू? बायको हाय म्हनू?"
"व्हय! तसंच म्हनायचं!"
"पोटात माजं हाय तिच्या, नामा."
"आन् सखूचं काय?"
"सखूचं काय वाईट चाललंय? खातीय, पितीय. तू पत्रं लिवतोयस की झकास."
मी म्हटलं, तुझ्या जिभेला काही हाड? जित्यापणी बायकोचं कुंकू पुसलंस. तर हसला! हा आमचा दाजी! म्हणाला, "भाऊबीज कुनी केली? भन तूच केलीस तिला. मी हिकडं बी तुज्या भनीचाच नवरा आन् तिकडं बी. आपलं नातं काय तुटत न्हाई गड्या."
थोबाडीत दिली. ओठ फुटला. त्यानं हात उचलला नाही, थुंकला फक्त नदीत. मग हळू आवाजात म्हणाला, "कळीव घरी. बेशक कळीव. सखू टाकली म्हनून तुज्या आयला कळलं, की ती तानूला दोन दिस तरी उंबऱ्याच्या आत ठिवंल का? तुजी पोर कुनाकडं ऱ्हाईल मग? इचार कर."
आई नेहमी सांगायची, साटंलोट्यात एका घरी भांडण झालं की दुसऱ्या घरची चूल विझते. मांडवात सगळे हसले होते त्यावर. मारत्या पण.
कमळी दोन वर्षांची झाली. मी अजून बघितली नाही तिला.

२४ डिसेंबर
पत्रांचा दिवस. सखूला काय लिहिलं? 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' मारत्यानं सही केली. ओठ अजून सुजलेला. बंडीचं लिहिलं नाही, सयीचं लिहिलं नाही. दोन ओळींत आटपलं. माझंच अक्षर, माझाच हात, आणि माझ्याच बहिणीला. थू माझ्या शिक्षणावर.

१४ फेब्रुवारी १९४५
मारत्या रेशनच्या गाडीबरोबर मागं गेला होता. गाडी आली, तो नाही. वाटेत तोफगोळे पडत होते, गडी गाडीतून उतरून पांगले, नंतर हा दिसलाच नाही, असं ड्रायव्हर म्हणतो. सुभेदारसाहेब म्हणाले, अंगावरच पडला असणार, काही सापडायचं नाही.
त्याचं सामान मीच तपासलं. सगळं जागच्या जागी. वस्तरा नाही. मेलेला माणूस वस्तरा नेत नाही. सखूची बंडी धुऊन, घडी घालून, पिशवीच्या तळाशी. एवढ्या थंडीत! ती न्यावी असं नाही वाटलं त्याला.
साहेबांनी विचारलं, तुझा नातेवाईक ना? तुला काही माहीत?
"नाही साहेब."
बेपत्ता म्हणून कागद माझ्याच हातानं भरला.

२९ एप्रिल
एक नदी ओलांडली. आमच्या तुकडीतले नऊ गेले. यादी मी लिहिली. साहेबांनी मागच्या बेपत्तांची नावं खाली घालायला सांगितली. त्या नऊजणांच्या खाली मारत्याचं नाव लिहिताना हात अडला. निब मोडलं. दुसरं घेऊन लिहिलं.

११ सप्टेंबर
पाद्रीबाबाचं पत्र, इंग्रजीत. दोन दिवस खिशात ठेवलं, मग फोडलं. मुलगी झाली. मारुती नदीकाठच्या गिरणीत पोती उचलतो, लपून असतो, लोक कुणाला सांगत नाहीत. लग्न लावून द्या म्हणतो. पाद्रीबाबाला खात्री वाटत नाही.
शेवटी लुचियाचे शब्द लिहिलेत: 'मी तुला दिवा ओवाळला, तू मला बहीण म्हणालास. फोटोत तुझ्याशेजारी उभी आहे ती मारुतीची कोण, ते भावानं सांगितलं तर मी मानीन.'
काय उत्तर द्यायचं? खरं लिहिलं तर लुचियाच्या पदरात बाप नसलेलं पोर. नाही लिहिलं तर सखू गेली. चूक दोघींपैकी एकीचीही नाही. ज्याची आहे तो गिरणीत भाकऱ्या खातोय.

१७ ऑक्टोबर. घरी.
सातारा रोडला उतरलो, पुढं बैलगाडी. तानू दारात. भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत पळाली. कमळी मला बघून रडली. आई म्हणाली, "बाप हाय गं तुजा, बागुलबुवा न्हाई!"
संध्याकाळी तानू जवळ येऊन बसली. "आवं, माज्या दादाचं काय वो?" मी म्हटलं, कागदात लिहिलंय तेवढंच. तिनं डोळे पुसले. किती पटकन विश्वास ठेवते ही बाई माझ्यावर.

२९ ऑक्टोबर
आज दोनदा तोंडापर्यंत आलं. तानू जात्यावर बसली होती, कमळी तिच्या मांडीवर. एवढ्यात आई अंगणातून म्हणाली, "सखूचं नशीब फुटलं. पर मारत्या वाघावानी गेला. असा जावई मिळाया भाग्य लागतं."
गिळलं परत.

५ नोव्हेंबर. पाडवा.
भिलवडी स्टेशनवरून तासगावाकडं, तानूच्या माहेरी, म्हणजे सखूच्या सासरी. तानू आणि कमळी बरोबर. तानूचे वडील तात्या वाकलेत. मला मिठी मारून रडले. "जावईबापू, तुमी शेवटी संगं हुता, तेवढंच समाधान." मी भिंतीकडं बघत राहिलो.
सखू वाळलीय, पण कपाळावर कुंकू आहे, ठसठशीत. ती पाण्याला गेल्यावर तात्या म्हणाले, "पोर ऐकत न्हाई. आमी बी सनापर्यंत थांबलोय. दिवाळी झाली की भटजींना इचारून काय ते उरकायचं. कुंकू पुसायचं, बांगड्या काढायच्या. कुनी करायचं वो हे? पर लोक बोलत्यात."
मारत्यानं सांगितलेलं खोटं. मी गप्प बसलो की ते खरं होणार.
बंडी सखूच्या हातात दिली. तिनं उलटीपालटी करून बघितली, वास घेतला, घडीच्या खुणेवरून बोट फिरवलं.

६ नोव्हेंबर. भाऊबीज.
आत्ताच झालं. लगेच लिहितो.
सकाळी अंघोळ, पाट, रांगोळी. कमळी माझ्या मांडीवर बसायचा हट्ट धरून बसली. सखू तबक घेऊन आली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, तीनदा, बरोबर बाजूनं. मी खिशातून तिच्यासाठी आणलेला रेशमी रुमाल काढला. दोन कापले होते, एक तिकडं गेला.
तिनं तबक मागं घेतलं.
"रुमाल नगं दादा. एक इचारते, तेवढं घाल ताटात."
"काय?"
"माघाची थंडी हुती. तकडं तर बर्फ पडतंय म्हनं. बंडी धुऊन, घडी करून ठिवून हे कुटं गेलं?"
मी रुमालाची घडी उलगडली, परत घातली.
"आन् मागल्या थंडीपासनं पत्रात सय न्हाई, बंडी न्हाई, कायच न्हाई. त्याच्या आदीचं समदं तुजं हुतं, मला ठावं हाय. हे कवा असं बोललं हुतं? पर तुजं का आटलं रं दादा?"
दारात तानू उभी होती, चौकटीला धरून. तिनं ऐकलं होतं. तिच्या मागं तात्यांच्या काठीचा आवाज.
सखू म्हणाली, "पुढल्या भाऊबिजेला मला तबक धराया मिळायचं न्हाई. रांडंला कोन ओवाळू देतं? म्हनून आत्ताच सांग. हे जित्तं हायत का?"
मी तिच्याकडं बघितलं. मग तानूकडं. तानूनं मान हलवली नाही, हो पण नाही, नाही पण नाही. नुसती बघत होती. कमळी माझ्या सदऱ्याचं बटण ओढत होती, त्याच खिशात पाद्रीबाबाचं पत्र आहे. दोन महिने झाले, त्याला पण उत्तर दिलेलं नाही.
म्हटलं, "सखे, जरा पानी दे." म्हटलं आणि उठून इथं गोठ्यात आलो. भ्याड माणूस. वही घेऊन बसलोय.
गोठ्याच्या दारातून सोपा दिसतो. पाट तसाच आहे. सखू तबक घेऊन तशीच उभी आहे, बसली पण नाही. दिवा मंदावला होता. तानू आतून तेलाची बुधली घेऊन आली आणि तिनं दिव्यात तेल घातलं.